जर्कीसाठी प्रोपेनवर चालणारं धुरीचं कपाट: मदत हवी आहे

मंडळी, टेक्सासमध्ये घरामागच्या अंगणात जर्कीसाठी (वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांसाठी) धुरीचं कपाट बनवतोय. जुनं उभं लोखंडी कपाट मिळालं. त्याचा रंग पूर्ण खरवडून काढलाय. आतल्या जाळ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या होत्या. जस्त फार तापलं की त्याचा धूर विषारी, म्हणून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. खाली प्रोपेनचा बर्नर, त्यावर धुरासाठी हिकरी झाडाच्या लाकडी चिपांची लोखंडी कढई.

अडचण आच कमी ठेवण्याची आहे. जर्की भाजायची नसते, वाळवायची असते: १३० ते १४० अंश फॅरनहाइटवर. त्याआधी मांस आतून १६० अंशांपर्यंत, टर्की असेल तर १६५ पर्यंत तापवायचं. ते मी ओव्हनमध्ये करणार, त्यात तडजोड नाही. पण बर्नर अगदी बारीक केला तरी कपाट २०० च्या वर जातं, आणि आणखी बारीक केला की ज्योत वाऱ्याने विझते. प्रोपेन हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, म्हणून खाली भोकं ठेवलीत. नेमका तिथूनच वारा शिरतो.

लहान बर्नर घ्यावा, की नीडल व्हॉल्व्ह (गॅस अगदी बारीक कमी-जास्त करणारी झडप) लावून भागेल? ज्योत विझताच गॅस बंद करणारा, थर्मोकपलवाला (ज्योतीची उष्णता ओळखणाऱ्या तारेचा) सेफ्टी व्हॉल्व्ह मला हवाच आहे. साध्या बर्नरला तो कुणी जोडलाय का? शिवाय प्रोपेन जळताना पाण्याची वाफ होते, त्यामुळे वाळायला वेळ लागतो. मग वरचं धुराडं केवढं ठेवावं? कपाट दोन फूट रुंद, पाच फूट उंच आहे. कुणी असं बनवलं असेल तर आतले फोटो जरूर टाका.