टोकियोला दीड वर्ष, सोबत दोन लहान पोरं. जावं का थांबावं?

पाटावरवंटा:
नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय तर सांभाळून घ्या. नवऱ्याला ऑफिसकडून टोकियोचं प्रोजेक्ट मिळालंय, 18 महिन्यांचं, ऑफिस ओतेमाचीला. तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाणार आणि आम्ही मागून दोन आठवड्यांनी. मोठा सीनियर केजीत आहे, फेब्रुवारीत 6 पूर्ण होतील, धाकटी 14 महिन्यांची. मी बँकेत आहे, बिनपगारी रजा मिळेल बहुतेक पण साहेबांचं तोंड आत्तापासूनच वाकडं झालंय. घरात दोन पार्ट्या पडल्यात, सासूबाई म्हणतात भूकंपाच्या देशात एवढीशी लेकरं कशाला नेता, आणि आई म्हणते नवरा-बायकोने असं वेगळं राहू नये. मला खरं तर जायचंय, पण दिवसभर मी, दोन पोरं आणि बंद फ्लॅट हे डोळ्यासमोर आलं की पोटात गोळा येतो. इतक्या थोड्या दिवसांसाठी शाळेचं काय करतात? पोरगी आजारी पडली तर? आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. आणि जो तो निशिकासाईला (टोकियोतला भारतीयांच्या वस्तीचा भाग) घर घ्या म्हणतोय, मग एवढ्या लांब जाऊन परत आपल्याच लोकांत राहायचं का असंही वाटतं. ज्यांनी मुलं लहान असताना हे केलंय त्यांनी सांगा प्लीज, व्हिडिओ बघून बघून डोकं पिकलंय.

मुक्काम_निशिकासाई:
ये गं बिनधास्त. आम्हाला इथे सहा वर्षं झाली, आलो होतो एका वर्षासाठी :)

निशिकासाईचं म्हणशील तर नाक मुरडू नकोस. 2000 च्या आसपास वायटूकेच्या कामाला जे आपले इंजिनियर आले ते इथे राहिले कारण तोझाई लाइनने (मेट्रो) निहोनबाशी, ओतेमाचीला थेट जाता येतं, आणि यूआरची (निमसरकारी गृहसंस्था) घरं होती. यूआरमध्ये घरमालकाला द्यायचं ते रेइकिन (परत न मिळणारे पैसे) नाही, जामीन नाही, फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट. परदेशी माणसाला जामीन कुठून मिळणार, म्हणून सगळे तिकडे गेले, बाकी मिनी इंडिया वगैरे नंतरचं. 2019 मध्ये तर आपले योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडूनही आले होते. पण बिल्डिंगमध्ये जास्त करून जपानीच आहेत, तू आपल्यातच राहायचं की नाही ते तुझ्या हातात.

शाळा: फेब्रुवारीत 6 होतोय ना, मग एप्रिलमध्ये तो सरळ पहिलीत. इथे 1 एप्रिलपर्यंत 6 पूर्ण झालेली मुलं त्याच महिन्यात पहिलीत जातात. सरकारी शाळेला फी नाही, परदेशी मुलांना सक्ती नाही पण वॉर्ड ऑफिसात जाऊन मागितली की जागा मिळते. सीबीएसईच्या भारतीय शाळाही या बाजूला आहेत, पण फी कंपनी देणार का ते नवऱ्याला जायच्या आधी लेखी विचारायला सांग, नंतर कोणी विचारत नाही. आम्ही सरकारीत घातलं. पहिले दोन महिने लेक वर्गात गप्प बसून होती, जून संपता संपता घरी येऊन मलाच ओरडायला लागली की आई दारात चपला उलट्या का ठेवल्यास. डब्याचं मात्र मुख्याध्यापकांशी बोलावं लागलं, शाळेचं जेवण आपल्याला चालत नाही कारण दाशी असते सगळ्यात. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क, वरून साधं दिसणाऱ्या उदोनच्या (जाड शेवयांच्या) पाण्यातही असतो. आम्हाला घरचा डबा आणायची परवानगी मिळाली.

पाळणाघर (होइकुएन) धाकटीसाठी विसरून जा, त्याला आईबाप दोघं कामावर आहेत असा कागद लागतो.

आल्यावर 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा असतो. त्याच दिवशी मुलांचं मेडिकल कार्ड आणि जिदो तेआते हे दोन्ही कर. कार्डामुळे मुलांचं दवाखान्याचं बिल शून्य येतं. जिदो तेआते म्हणजे मुलांचा भत्ता, 3 वर्षांखालच्यांना महिन्याला 15,000 येन, 3 वर्षांवरच्यांना 10,000. परदेशी लोकांनाही मिळतो पण 15 दिवसांत अर्ज करायचा, उशीर झाला तर तेवढे महिने गेले. आमचे चार महिने गेले कारण ऑफिसातल्या सीनियरने सांगितलं होतं की आपल्याला नसतं ते!!

औषधं आणताना बघून आण. डॉक्टरच्या चिठ्ठीची एक महिन्याची, साधी दोन महिन्यांची, त्याहून जास्त आणायची तर आधी परवानगी लागते. आणि सर्दीच्या औषधात स्यूडोएफेड्रीन, खोकल्याच्यात कोडीन आहे का ते वाच, ठरावीक प्रमाणाबाहेर असेल तर आधी परवानगी काढल्याशिवाय आणता येत नाही, नुसती चिठ्ठी असली तरी. ताजा कढीपत्ता पिशवीत घालू नकोस, विमानतळावर काढून घेतात आणि जीव हळहळतो.

सोलापुरी_कडकलक्ष्मी:
मी उलटं सांगते, राग मानू नका. आम्ही नवऱ्याला एकट्याला पाठवलं, मी आणि मुलगी सासू-सासऱ्यांजवळ राहिलो. नोकरी टिकली, पोरीची शाळा टिकली. दीड वर्ष म्हणता म्हणता जातं. दोन घरं मोडून तिसरं मांडायचं आणि परत तेही मोडायचं, यात बाईचीच कंबर मोडते, हे कुणी धाग्यात लिहीत नाही. फक्त एवढं सांगते की तो परत आला तेव्हा मुलगी दोन दिवस त्याच्याजवळ गेली नाही, पडद्यामागून बघत राहिली. बाकी तुम्ही ठरवा.

चकलीचा_सोऱ्या:
कडकलक्ष्मीताई, शेवटचं वाक्य वाचून गलबलून आलं.

पाटावरवंटा, तुमचा तो पोटातला गोळा मला चांगला माहितीय. मी 2017-18 ला होते, मुलगा दोन वर्षांचा. शाळा, डॉक्टर, डाळी या सगळ्याचं होतं हो काहीतरी, निशिकासाईत तूरडाळ, हिंग, आटा सगळं मिळतं, फार तर गोडा मसाला आणि मेतकूट घेऊन जा. माझं चुकलं ते दुसरंच. मी पहिल्या दिवसापासून "आपण काय कायमचे थोडीच" असं म्हणत राहिले. पलंग कशाला, गादी पुरे. पडदे कशाला, चादर लावू. जपानी कशाला शिकायचं, वर्षभरात जायचंय. सामानाचे दोन खोके तर मी उघडलेच नाहीत, त्यावर टेबलक्लॉथ घालून टीव्ही ठेवला होता. दीड वर्ष एसटी स्टँडवर बसल्यासारखी राहिले, बॅग मांडीवर घेऊन. नवरा रात्री साडेनऊला यायचा. संध्याकाळी पाच वाजता तिथे वॉर्डाच्या भोंग्यावर बालगीताची धून वाजते (खरं तर आपत्तीच्या सूचनांचे भोंगे ते, रोज असे तपासतात), ती वाजली की बागेतली सगळी पोरं सायकली उचलून घरी जातात. मी आणि माझा मुलगा झोपाळ्यावर तसेच. घरी जाऊन तरी काय करायचं म्हणून.

नंतर खालच्या मजल्यावरच्या एका आजींनी मला कचऱ्यावरून धरलं. प्लॅस्टिकच्या दिवशी जळाऊ कचरा ठेवला होता मी. ओरडल्या नाहीत, पिशवी परत माझ्या हातात दिली, कॅलेंडर घेऊन आल्या आणि माझ्या फ्रिजवर स्वतः चिकटवून गेल्या. दुसऱ्या दिवशी मला ओढतच कोसोदाते हिरोबाला नेलं. तिथे बाळांना घेऊन नुसतं बसायचं असतं, खेळणी असतात, फुकट. तिथल्या बाया माझ्याशी जपानीतच बोलायच्या, मी मराठीत, आणि खरंच चालायचं. हे मला आठव्या महिन्यात कळलं. तुम्ही पहिल्या आठवड्यात जा. खोके उघडा. पडदे घ्या, शंभर येनच्या दुकानात पडद्याचे चिमटेसुद्धा मिळतात. ग्योसेन बागेत छोटं प्राणीसंग्रहालय आहे, तिकीट नाही, सोमवारी बंद. तेव्हा ससे मांडीवर द्यायचे, माझ्या मुलाला अजून आठवतात.

तापाचं म्हणाल तर रात्री #8000 ला फोन लागतो, मुलांच्या आजारासाठी, नर्स सांगते की आत्ता नेऊ की सकाळी चालेल. पण जपानीत बोलतात, तेवढी पाच-सहा वाक्यं आधी कागदावर लिहून ठेवा, ताप किती, कधीपासून, पाणी पितेय का. गंभीर असेल तर सरळ 119.

जुना_जपानकर:
भूकंपाचं कुणी बोललंच नाही, सासूबाईंची बाजू मी घेतो :) 2011 च्या मार्चमध्ये आम्ही तिथेच होतो, मुलगी सात महिन्यांची. 11 तारखेला दुपारी पावणेतीनला हललं, मी ऑफिसात, ट्रेन बंद, चार तास चालत घरी आलो. बायको पोरीला पोटाशी बांधून खाली मैदानात बसली होती, शेजारच्यांनी तिला टोपी घातलेली आणि हातात भाताचा गोळा दिलेला. घर जिथल्या तिथे होतं, एक बरणी फुटली लोणच्याची, तीन दिवस वास. इमारतींची भीती मला तेव्हापासून वाटत नाही.

खरी तंतरली ती 23 तारखेला. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या अपघातामुळे नळाच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडलं, एक वर्षाखालच्या बाळांना ते देऊ नका म्हणून सांगितलं. दुकानातलं पाणी तासाभरात गायब. मग वॉर्डाने दर बाळामागे 550 मिलीच्या तीन बाटल्या वाटल्या. मी रांगेत उभा, माझं जपानी यथातथाच, काउंटरवरच्या माणसाने रजिस्टरमध्ये मुलीचं नाव शोधलं, बोट ठेवलं, बाटल्या दिल्या आणि वाकून नमस्कार केला. पत्ता नोंदवलेला होता म्हणून नाव होतं. आमच्या ओळखीचे एक जण "थोड्या दिवसांसाठीच तर आलोय" म्हणून जुन्याच पत्त्यावर राहिले होते नोंदीत, त्यांना धावाधाव झाली. दुसऱ्या दिवशी बंदी उठली ते वेगळं. आमचे निम्मे मित्र त्या आठवड्यात भारतात निघून गेले, त्यांनाही चूक म्हणत नाही मी.

निशिकासाईला भूकंपापेक्षा पुराचा नकाशा बघा, एदोगावाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. 2019 ला वॉर्डाने जो नकाशा काढला त्यावर "इथे थांबू नका" असं स्वतःच छापलंय. वरचा मजला मागा.

आणि सकाळी आठला बाबागाडी घेऊन तोझाईत शिरू नका. मी डोंबिवलीचा आहे तरी सांगतोय. 2019 ला गर्दी 199 टक्के, म्हणजे क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट, मोजली होती. दहानंतर निघा, मोठा पहिलीत जाईपर्यंत दोघांचंही तिकीट नाही.

पाटावरवंटा:
किती लिहिलंत सगळ्यांनी, काल रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो 199 टक्क्यांवर हसला आणि मग गप्प झाला. ठरलंय जायचं. सासूबाईंना पाण्याच्या बाटल्यांचं सांगितलं तर म्हणाल्या, तीनच? मग म्हणाल्या मी एप्रिलमध्ये येते, पहिलीच्या पहिल्या दिवसाला. रजेचा अर्ज आज दिला, साहेबांनी वाचलाच नाही, बघू.

एक राहिलंच, मिक्सर न्यावा का? माझा साडेसातशे वॉटचा आहे, चटणी झकास करतो.

मुक्काम_निशिकासाई:
नको नको, इथे 100 व्होल्ट आहे, नुसता घुं घुं करत बसेल. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो पण तो पाच-सहा किलोचा धोंडा, त्यापेक्षा इथे घेऊ. आणि घरात दिवे आणि गॅसची शेगडीसुद्धा नसते बरं का, रिकामं म्हणजे खरंच रिकामं देतात. एक कुटुंब ऑक्टोबरअखेर परत चाललंय, त्यांची शेगडी आणि कार सीट तुझ्यासाठी धरून ठेवते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

चकलीचा_सोऱ्या:
पडद्यांचं माप पण विचारून घ्या त्यांना.