ऑन्टॉलॉजींचे विलीनीकरण : तर्कभाषा वाद मिटवते की फक्त मांडते?

रामदासपेठकर
परस्परविरोधी ऑन्टॉलॉजी (एखाद्या क्षेत्रात कोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांचे संबंध काय, हे संगणकासाठी सांगणाऱ्या व्याख्या) एकाच तर्कभाषेत, म्हणजे तर्कशास्त्राच्या काटेकोर लिपीत, लिहून त्यांच्यात जोडविधाने, म्हणजे एकीतल्या संज्ञा दुसरीतल्या संज्ञांशी जोडणारी विधाने, घातली, की विलीनीकरण हे केवळ यंत्राचे काम उरते, असे येथील एका सदस्याने ठामपणे लिहिले आहे. ते वाचून मला गप्प राहवले नाही. बीएफओ या सर्वसाधारण ऑन्टॉलॉजीनुसार कंटिन्युअंटला, म्हणजे काळातून अखंड टिकणाऱ्या वस्तूला, कालभाग (कालचा तुकडा, आजचा तुकडा असे भाग) नसतात; आयएसओ १५९२६ या औद्योगिक विदेच्या मानकामध्ये साध्या पंपालाही ते असतात. दोन्ही मते कॉमन लॉजिक या प्रमाणित तर्कभाषेमध्ये बिनचूक लिहिता येतात, पण 'पंप हा कंटिन्युअंट आहे' एवढे एक जोडविधान घातले की विसंगती निघते, आणि विसंगत संचातून वाटेल ते सिद्ध करता येते. १९८४ मध्ये डग्लस लेनाट यांनी सुरू केलेल्या साइक या सामान्यज्ञानाच्या प्रकल्पामध्येही गृहीतकांचे गट मायक्रोथिअरी, म्हणजे आपापल्या पुरते सुसंगत कप्पे, करून वेगळे ठेवावे लागले. मग मिटले काय?

तर्कनिष्ठ
ते लिहिणारा मीच. विसंगती सापडली हेच तर फलित आहे! तर्कभाषा नसती, तर दोन्ही गट 'वस्तू' हाच शब्द वापरून आपले एकमत झाले असे समजले असते आणि चूक विदागारात भरल्यानंतर कळली असती. कोणते विधान कोणत्या विधानाशी भिडते हे रीझनर, म्हणजे विधानांवरून निष्कर्ष काढणारी आज्ञावली, दाखवतो; हे काम कोणतीही समिती बैठका घेऊन करू शकत नाही.

सातबारा
आपण दोघे पंपावर भांडत आहात, म्हणून आपल्याच भागातले सांगतो. पूर्व विदर्भातील झुडपी जंगल, म्हणजे महसुली नोंदीत या नावाने लागलेली जमीन, घ्या. माझ्या मामांच्या गावी एका तुकड्यावर काटेरी झुडूपसुद्धा उरलेले नाही. एका कार्यालयात ती जमीन वन आहे आणि दुसऱ्या कार्यालयात नाही. एकाने नोंद पाहिली, दुसऱ्याने जागा पाहिली. मामा या दोन दारांमध्ये हेलपाटे घालून थकले, घराचे काम अडले ते अडलेच. त्यांना कोणता रीझनर दाखवू?

तर्कनिष्ठ
मामांबद्दल वाईट वाटते, परंतु हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशात काय केले? शब्दकोशातील अर्थाने वन असलेली जमीन, किंवा मालकी कोणाचीही असो, सरकारी अभिलेखात वन म्हणून नोंदलेली जमीन, अशी दोन्ही टोके 'किंवा'ने जोडली. हे जोडविधानच आहे.

सातबारा
ते जोडविधान तर्काने शोधले नाही, न्यायालयाने अधिकाराने घातले! 'किंवा'च्या जागी 'आणि' घातले असते तरी आपली भाषा तितक्याच आनंदाने चालली असती. ज्यांची जमीन अडकली आहे, त्यांच्यासमोर याला यंत्राचे काम म्हणणे मला संतापजनक वाटते.

रामदासपेठकर
माझे म्हणणे याहून नेमके मला मांडता आले नसते. त्यात २२ मे २०२५ च्या निकालाने झुडपी जंगल हे वनच ठरवले, तरी १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी वेगळा मार्ग ठेवला. म्हणजे नुसता वर्ग पुरत नाही. वाटप केव्हा झाले हेही विधानात यावे लागते.

तर्कनिष्ठ
निवड माणसाने करायची, हे मान्य करतो. 'केवळ यंत्राचे काम' हे शब्द मागे घेतो, पण तेवढेच. निवड झाल्यावर तिचे परिणाम प्रत्येक सर्व्हे नंबरपर्यंत न चुकता पोहोचवायचे असतील, तर ती कोठेतरी काटेकोरपणे लिहावीच लागेल. निस्तार पत्रकाच्या (गावाच्या सामायिक हक्कांच्या नोंदीच्या) समासात लिहून भागणार नाही.

रामदासपेठकर
कशात लिहाल? ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेमधील संबंध दोनच पदांचे. जमीन, वर्ग आणि दिनांक एकत्र बांधायचे तर वाटपाची घटना स्वतंत्र घटक म्हणून उभी करावी लागते, आणि ज्या ऑन्टॉलॉजीत अशा घटनेला जागाच नाही, तिच्याशी नवा तंटा सुरू होतो. कॉमन लॉजिकमध्ये तीन पदांचा संबंध सरळ लिहिता येतो, पण तेथे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळेलच अशी हमी नाही. चर्च आणि ट्युरिंग या तर्कशास्त्रज्ञांनी १९३६ मध्येच ते दाखवून दिले.

तर्कनिष्ठ
हमी नसली तरी बहुतेक व्यावहारिक प्रश्न सुटतात. मी कॉमन लॉजिकमध्ये लिहीन आणि जेवढा भाग ओडब्ल्यूएलमध्ये बसतो तेवढाच तेथे नेईन.

सातबारा
मग न बसलेल्या भागाची यादी आधी द्या. मामांचा तुकडा त्यातच निघेल.