फिल्मचे तीन फोटो टाकतेय, ग्रेन सोडून बाकी सगळ्यावर बोला

काळी_पांढरी
मंडळी, तीन फोटो टाकतेय. कॅमेरा जुना, पूर्ण मेकॅनिकल एसएलआर, लेन्स ५० एमएम, रोल काळा-पांढरा एचपी५ प्लस, ४०० वरच (त्याची ठरलेली आयएसओ स्पीड) वापरलाय. रोल धुणं आणि स्कॅन दोन्ही लॅबकडून. ओळखीच्यांना दाखवले तर सगळ्यांचं एकच, वा काय ग्रेन आहे, फिल्म ती फिल्म, एक हार्ट आणि विषय संपला. अरे ग्रेन, म्हणजे फोटोतले ते बारीक रवे, काय मी घातलाय का, तो रोलसोबतच येतो. म्हणून इथे टाकतेय, सांभाळून घेऊ नका, काय गंडलंय ते सरळ सांगा.

फोटो १: खिडकीशी बसून वाचणारी आजी, खिडकी चौकटीत डावीकडे दिसते.
फोटो २: गोल जिना वरून, खाली पळत सुटलेला मुलगा.
फोटो ३: काचेच्या दाराआड उभा असलेला माणूस, काचेत बाहेरची झाडं.

पहिल्यात काळा भाग काळा न येता असा गढूळ राखाडी का आलाय कळत नाही, चेहऱ्याची अलीकडची बाजू तर नुसती रवाळ दिसतेय. तिसऱ्यात उजव्या कडेला पांढरट पट्टा आहे तो कशाचा? आणि स्कॅनवर नंतर कॉन्ट्रास्ट वगैरे हलवणं बरोबर की ती फसवणूक, यावर माझं मत रोज बदलतं.

सेफलाईट
फोटोंचं नंतर, आधी निगेटिव्ह बघू. नुसता स्कॅन बघून एक्स्पोजरबद्दल (फिल्मवर किती उजेड पडला त्याबद्दल) बोलणं म्हणजे मेकअप बघून तब्येत सांगणं आहे.

पट्टी उजेडासमोर धर, मोबाईलची पांढरी स्क्रीन पण चालेल फक्त पट्टी स्क्रीनपासून जरा लांब ठेव नाहीतर पिक्सेल दिसतात. कडेला फिल्मचं नाव नि फ्रेम नंबर असतात ना, ते कारखान्यातच उजेड देऊन उमटवलेले असतात, तुझ्या कॅमेऱ्याचा नि मीटरचा (उजेड मोजतो तो) त्यांच्याशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे ते गडद की फिके हे बहुतेक करून डेव्हलपिंगवरच ठरतं. नंबर ठसठशीत काळे आणि फोटो पातळ (म्हणजे निगेटिव्हवर फिका), तर कॅमेऱ्यातच उजेड कमी पडला, लॅबला बोलायचं काम नाही. नंबरसुद्धा फिके असतील तर डेव्हलपिंग कमी झालंय, म्हणजे डेव्हलपर थकलेला, नाहीतर थंड, नाहीतर वेळ कमी दिला.

मला वाटतं १ मध्ये उजेडच कमी पडलाय. खिडकी चौकटीत आहे. जुन्या कॅमेऱ्याचा मीटर अख्ख्या चौकटीची सरासरी काढतो, फार तर मध्यावर जरा जास्त वजन देतो, आणि समोर काहीही असो ते १८ टक्के राखाडी आहे असं धरून चालतो. खिडकी दिसली की तो म्हणणार बापरे केवढा उजेड, आणि आजी अंधारात. मग निगेटिव्हवर सावलीच्या जागी फिल्म जवळजवळ कोरी राहते, आणि स्कॅनर प्रत्येक फ्रेम मध्यम उजेडाची करायच्या नादात त्या कोऱ्या जागेतून काहीतरी ओढून काढतो. काळ्याचं राखाडी होतं ते इथे. लोक ज्याला ग्रेन ग्रेन म्हणून डोक्यावर घेतात त्यातला बराचसा हाच प्रकार असतो.

पुढच्या वेळी जवळ जा, जिथे काळपटपणा हवा पण तपशील पण दिसायला हवा अशा जागेचं (समज स्वेटरची वीण) रीडिंग घे आणि त्यापेक्षा दोन स्टॉप कमी एक्स्पोजर दे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). झोन सिस्टिममधला (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे टोन पायऱ्यांत मोजतात ती) झोन ३ म्हणतात तो हाच, ॲन्सल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या आसपास बसवलेली पद्धत. एवढी कटकट नको असेल तर मीटर २०० वर ठेव (म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड मिळतो) आणि रोल नेहमीसारखाच धुवायला दे. एचपी५ ला एक स्टॉप जास्त झालं तरी तो सहज पचवतो, कमी झालेलं मात्र लगेच दिसतं.

चौकटीबाहेर
मीटरचं सगळं मान्य, पण १ मधला चेहरा काळा गेला ते बरंच झालं असं माझं मत.

फोटो मोठा करून बघा. आजीने उजव्या हाताने पुस्तक उघडं धरलंय आणि डाव्या हाताचं बोट मागच्या कुठल्यातरी पानात अडकवलंय. म्हणजे ती पुढे वाचतेय पण मागचं काहीतरी तिला सुटत नाहीये, परत जाऊन बघायचंय. अख्ख्या फोटोत यापेक्षा भारी काही नाही, आणि ते बोट नेमकं खिडकीच्या उजेडात आलंय, नखाची कडसुद्धा वेगळी दिसतेय. चेहरा छान उजळला असता तर नजर थेट तिकडे गेली असती आणि 'गोड आजी' म्हणून सगळे पुढे सटकले असते. फक्त मग अंधार अंधारच पाहिजे, हा राखाडी चिखल नको. काळे खाली ओढ, आणि उजवीकडे खाली तो पांढरा पेला आहे ना, तो बर्न करून (तेवढाच भाग गडद करून) दाब, उगाच नजर पळवतोय.

२ माझ्यासाठी चालत नाही. गोल जिना वरून इतक्या जणांनी काढलाय की आता जिना दिसला की पुढचं न बघताच कळतं. मुलगा आहे म्हणून थोडा वाचला, पण कठड्याचं वळण नजरेला जिकडे नेतं त्याच्या बरोबर उलट टोकाला तो आहे, आणि एवढासा. एक वळसा थांबली असतीस तर तो खालच्या मोकळ्या उजेडात आला असता. पाय हललेत ते राहू दे, कठडा कडक आणि पाय पुसट हे जमलंय.

जसंच्यातसं
हे बर्न-बिर्न, काळे ओढा, मला पटत नाही. मग फिल्म कशाला वापरायची, मोबाईलवर काढा आणि फिल्टर मारा की. रोलमध्ये ३६ फ्रेम असतात म्हणून माणूस विचार करून बटण दाबतो, त्यातच मजा आहे, आलं ते आलं. क्रॉपसुद्धा करू नये, चौकट डोळ्याला कॅमेरा लावतानाच ठरली पाहिजे. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँला त्याचे फोटो कापलेले अजिबात चालायचे नाहीत, उगाच नाही.

सेफलाईट
दादा, ब्रेसाँचा जो फोटो सगळ्यांना तोंडपाठ आहे, १९३२ चा, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस, तोच क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढलेला, निगेटिव्हच्या डाव्या बाजूला कुंपणच आलं होतं, ते कापलं. आणि ॲडम्सचा १९४१ चा हर्नांडेझ गावावरचा चंद्र घ्या, सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांचे पट्टे दिसतात, पुढच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळं. निगेटिव्ह तोच. (तोही त्याने १९४८ मध्ये खालचा भाग केमिकलने जरा दाट करून घेतला होता, तो वेगळाच विषय आहे.)

मुळात हिच्या हातात आलेला स्कॅन 'जसंच्या तसा' नाहीच. निगेटिव्ह उलटा करताना काळा कुठे धरायचा नि पांढरा कुठे हे कोणीतरी ठरवलंच आहे, माणसाने नाही तर सॉफ्टवेअरने. डार्करूममध्ये तर कागदालाच ग्रेड असायचे, ० पासून ५ पर्यंत, एकाच निगेटिव्हचा मऊ प्रिंट काढायचा की कडक ते तिथे ठरायचं. हात न लावलेला प्रिंट ही गोष्टच कधी नव्हती.

जसंच्यातसं
ब्रेसाँचं ते माहीत आहे, एक अपवाद म्हणजे नियम होत नाही. रेष कुठे ओढणार ते सांगा मग. आकाशातला पक्षी पुसला तर चालेल?

चौकटीबाहेर
पक्षी पुसलेला नाही चालणार, धूळ पुसलेली चालेल. फिल्मवर जो उजेड पडला तो मागेपुढे करा, नव्हतं ते आणू नका, होतं ते उडवू नका. मी तरी इथे ओढतो.

जसंच्यातसं
होतं ते उडवू नका म्हणता आणि क्रॉप चालतो. मग क्रॉप म्हणजे काय असतं? बरं असो.

स्प्रॉकेट
भांडण चालू द्या, मी पट्ट्याचं सांगतो.

३ चा निगेटिव्ह बघा, पट्टा चौकटीपुरताच आहे की बाहेर फिल्मच्या कडेच्या भोकांपर्यंत गेलाय? भोकांपर्यंत असेल तर उजेड मागच्या दारातून शिरतोय. दाराच्या खाचेत नि बिजागरीपाशी काळा फोम असतो तो वर्षानुवर्षांनी सडतो, बोट लावलं की काळा चिकटा लागतो. चौकटीच्या आतच थांबत असेल तर शटरच्या पडद्याला बारीक भोक असू शकतं, ते जरा खर्चिक. रंगीत रोल असता तर हाच पट्टा बऱ्याचदा केशरी-लाल आला असता, कारण मागून येणारा उजेड आधी लाल रंगाच्या थराला लागतो. काळ्या-पांढऱ्यात निगेटिव्हवर काळा म्हणून फोटोत पांढरा.

फोम बदलणं घरी जमतं. लाकडी काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, हळूहळू खरवडायचं, चुरा आत पडद्यावर किंवा आरशावर पडू द्यायचा नाही, काम करताना आतल्या भागावर कागद चिकटवून घ्या. खाचेत नवा फोम नसेल तर काळी लोकर बसते, दिसायला भिकार पण उजेड अडतो.

जाता जाता, २ मध्ये वर एक वळलेला केस दिसतोय. तो पांढरा आहे म्हणजे स्कॅन करताना निगेटिव्हवर बसलेला, पुसून परत स्कॅन केला की जाईल. काळा असता तर फोटो काढतानाच कॅमेऱ्यात फिल्मसमोर होता असं समजायचं, मग तो कायमचा.

काळी_पांढरी
बघितलं. कडेचे नंबर एकदम काळेभोर, १ चा फ्रेम पातळ, स्वेटरच्या जागी तर जवळजवळ कोरीच फिल्म आहे. म्हणजे सेफलाईट म्हणाले तेच. २ चा निगेटिव्ह चांगला दाट आहे, एकाच रोलमध्ये एवढा फरक, आणि स्कॅनमध्ये दोन्ही सारखेच उजळ दिसत होते! पट्टा भोकांपर्यंत गेलाय. बिजागरीजवळचा फोम दाबून बघितला तर बोट काळं झालं.

आजीचं बोट फोटो काढताना मला दिसलंच नव्हतं, मी आपली खिडकीवर भाळले होते. आता दुसरं काही दिसत नाही.

जिन्याचं मात्र पटलं नाही. मुलगा लांब आणि एवढासा आहे म्हणूनच तो जिना मोठा वाटतो, आणि तो वळणाच्या उलट पळतोय हे मला आवडतं. मध्ये उजेडात आला असता तर कॅलेंडर झालं असतं. क्रॉप करणार नाही, जसंच्यातसं खूश होतील.

पण ३ च्या पट्ट्यावरच सगळे बोललात, फोटोवर कोणीच नाही?

चौकटीबाहेर
कॅलेंडर हा शब्द लागला, पण ठीक आहे, आता परत बघितला तर तुझं म्हणणं थोडं कळतंय. थोडंच.

३ बद्दल बोललो नाही कारण तिथे तू काही ठरवलेलंच दिसत नाही. फोकस ना माणसावर ना झाडांवर, दाराच्या काचेवर गेलाय, काचेवरचे बोटांचे डाग तेवढे कडक आलेत. काचेतल्या प्रतिबिंबाचं अंतर काचेपर्यंतचं नसतं, तुझ्यापासून काच आणि काचेपासून झाड मिळून जेवढं होईल तेवढं असतं. माणूस काचेमागे दोन पावलांवर, झाड त्या हिशोबाने पार लांब, एकाच वेळी दोन्ही कडक हवे असतील तर मागे सरकायचं, एफ/११ किंवा एफ/१६ वर जायचं (लेन्सचं छिद्र बारीक करायचं) आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी फोकस धरायचा. नाहीतर सरळ एक निवडायचं. मी असतो तर झाडं कडक ठेवली असती आणि माणूस त्यात विरघळू दिला असता, तसाही त्याचा चेहरा फांद्यांनी खाल्लाच आहे. आणि त्याच्या खांद्याजवळ आकाशाचा तुकडा पांढराफटक पडलाय, तू अर्धा हात डावीकडे सरकली असतीस तर तिथे खोड आलं असतं.

सेफलाईट
३ वर सहमत.

१ परत स्कॅन करायला देणार असशील तर लॅबला आधीच सांग की ऑटो करेक्शन बंद, शार्पनिंग बंद, १६ बिटची टिफ फाईल (जास्त बारीक टोन साठवणारी) पाहिजे. दिसायला अगदी मिळमिळीत, फिकी येईल, घाबरू नको, काळे नि पांढरे तुझे तू बसव. कोऱ्या जागेत तपशील येणार नाही हे धरूनच चाल, पण तो भाग निदान स्वच्छ काळा करता येईल आणि बोटाकडचे उजळ टोन हातात राहतील. जेपीईजीवर हे करायला जाऊ नको, त्यात ८ बिटच असतात, थोडं ओढलं की भिंतीवर पट्टे पडायला लागतात.