विषय: किनाऱ्याकिनाऱ्याने मेलबर्न, कॅरव्हॅन घेऊन

प्रेषक: माधवी (पॅरामटा)

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघांनी सेकंडहँड कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेतली. १ डिसेंबरला सिडनीहून निघून प्रिन्सेस हायवेने, किनारा धरून, नाताळाच्या आत मेलबर्नला मुलीकडे पोचायचं आहे. ह्यूम हायवेने एका दिवसात पोचता येतं हे आम्हालाही माहीत आहे, तेव्हा ते कृपया कोणी सुचवू नये. यांनी एक्सेलमध्ये रोजचे २५० किलोमीटर मांडलेत. त्या हिशेबाने चार दिवसांत मेलबर्न येतं आणि पुढचे सगळे रकाने रिकामे राहतात. शरयूकाकू, तुम्ही मागच्या वर्षी गेला होतात ना? जरा सविस्तर लिहाल का?

माधवी

---

प्रेषक: शरयू

माधवी,

एक्सेल आधी बंद करायला लाव. आम्हाला सोळा दिवस लागले आणि त्यातले निम्मे दिवस कॅरव्हॅन जागची हललीही नाही. तुमची वेळ मात्र अगदी बरोबर आहे. शाळा सुटायच्या आत, म्हणजे १८-१९ डिसेंबरच्या आधी, कॅरव्हॅन पार्कात पाण्याकडेची जागा मिळते आणि ऑफिसमधली बाई गप्पाही मारते. नंतर भाव चढतात आणि बऱ्याच ठिकाणी अमुक इतक्या रात्री राहायलाच हवं अशी अट येते.

पहिलं काम वजनाचं. आम्हाला विकणाऱ्याने जे वजन सांगितलं आणि काट्यावर जे निघालं त्यात भरपूर अंतर होतं. आमचे हे साताऱ्याकडचे, लहानपणी उसाच्या गाड्या काट्यावर चढताना पाहिलेले, त्यामुळे सामान भरून थेट वजनकाट्यावर गेले. मग माझी दहा किलो कणीक, पुरणयंत्र आणि लोणच्याच्या चार बरण्या उतरल्या. पाण्याची टाकीही विसरू नकोस. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. पार्कात पोचल्यावर भरा. जड सामान चाकांच्या वर ठेवायचं, मागच्या टोकाला नाही, नाहीतर कॅरव्हॅन शेपटी हलवायला लागते.

सिडनीतून निघाल्यावर वुलनगाँगकडे माउंट आउझलीचा उतार लागतो. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. ट्रकवाले तेच करतात.

किआमाचा ब्लोहोल, म्हणजे लाट आली की पाणी उंच उडवणारं खडकातलं भोक, सगळे पाहतात आणि निम्मे लोक तो उडालेलाच न बघता परत येतात. त्याला आग्नेयेकडची लाट लागते. आम्ही गेलो तेव्हा नुसती गुरगुर. दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि मी छत्री उघडेपर्यंत ओलीचिंब! एक रात्र जास्त राहिलो म्हणून दिसला.

पुढे जर्व्हिस बे, उलाडल्ला, बेटमन्स बे. चांगली आहेत, पण त्यावर लिहीत बसत नाही. मी खरी रमले ती नरूमाला. तिथे वागोंगा खाडीच्या कडेने पाण्यावरून लाकडी पायवाट आहे. सकाळी चहाचा थर्मास घेऊन चालायला निघालो की नऊ वाजता परत. समोर माँटॅग्यू बेट आहे, सील आणि लहान पेंग्विनचं, पण बोटीने जायचा माझा धीर झाला नाही. तिथून सेंट्रल टिल्बा जवळ. लाकडी घरांचा एकच रस्ता, मागे गुलागा डोंगर आणि चीजची फॅक्टरी. दोन दिवस ठरवले होते, पाच राहिलो.

आणि ईडन. तिथल्या म्युझियममध्ये ‘ओल्ड टॉम’ नावाच्या ऑर्काचा (किलर व्हेलचा) सांगाडा आहे. १९३० साली तो मेला. त्याच्या आधी कित्येक वर्षं या खाडीतले ऑर्का मोठ्या देवमाशांना किनाऱ्याकडे हाकत आणत, देवमासे मारणारे लोक त्यांना मारत आणि जीभ व ओठ ऑर्कांसाठी सोडत. त्या होड्यांवर इथले मूळ थौआ लोकही होते. टॉमचे दात एका बाजूने झिजलेले आहेत, दोर तोंडात धरून ओढायची सवय, असं सांगतात. आमचे हे अर्धा तास त्या दातांसमोर उभे होते. मी म्हटलं, चला, तुमचेही झिजतील.

आता कुकर. पहिल्याच सकाळी मी सहाला वरणभाताचा कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या कॅरव्हॅनमधले आजोबा पायजम्यावर बाहेर. त्यांना वाटलं गॅस गळतोय. मग संध्याकाळी त्यांना आमटीभात दिला, आणि पुढे तीन पार्क ते दोघं आमच्या मागेमागे आले! तरी सांगते, सकाळी आठच्या आत शिट्टी नको.

शरयूकाकू

---

प्रेषक: शरद

वरील माहितीत दुरुस्ती. छत्री मीच उघडत होतो.

बाकी तीन तांत्रिक गोष्टी. कॅरव्हॅनची वायर १५ अँपची असते आणि तिची अर्थची पिन रुंद असते, घरच्या १० अँपच्या सॉकेटमध्ये जात नाही. घासून बसवायचा उद्योग करू नका. गाडीतून एकमेकांशी बोलायच्या यूएचएफ रेडिओवर कॅरव्हॅनवाले १८ नंबरला असतात, ट्रकवाले ४० ला. मागे ट्रक आला की जागा मिळताच बाजूला घ्या, आपल्याला कुठे घाई आहे?

मागे घेणं: स्टिअरिंग तळाशी धरा. हात ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला कॅरव्हॅनचं ढुंगण जातं. हिने बाहेर उभं राहून हात केला की मला तो ‘ये’ वाटायचा आणि तिच्या मते तो ‘थांब’ होता. नरूमापासून आम्ही फोनवर बोलायला लागलो, तेव्हापासून पार्कातले लोक खुर्च्या टाकून बघत नाहीत.

शरद

---

प्रेषक: खजिनदार

माधवीताई, जाताच आहात तर मेलबर्नच्या मंडळींसाठी दिवाळी अंकांचे दोन खोके न्याल का? टपालखर्च वाचेल. वर्गणीचं स्मरणपत्र वेगळं पाठवलं आहे.

---

प्रेषक: अनघा (ट्रॅरलगन)

मी गिप्सलँडमध्ये राहते म्हणून लिहिते. व्हिक्टोरियाची सीमा ओलांडल्यावर जेनोआहून मालाकूटाला फाटा आहे. खूप सुंदर जागा, पण आत जायला आणि बाहेर यायला तोच एक रस्ता. २०१९ च्या ३१ डिसेंबरला तिथे आग आली तेव्हा लोक पाण्याकाठी जाऊन थांबले आणि जानेवारीत नौदलाच्या ‘शूल्स’ जहाजाने हजाराहून जास्त माणसं बाहेर काढली. हायवे कित्येक आठवडे बंद होता. तुम्हाला घाबरवत नाहीये, आम्हीही दरवर्षी जातो. पण व्हिकइमर्जन्सी आणि तुमच्याकडचं हॅझर्ड्स निअर मी, आगीचे इशारे देणारी दोन्ही ॲप घ्या, एबीसी रेडिओ लावायला शिका, आणि कडक उन्हाच्या वाऱ्याच्या दिवशी आत जाऊ नका. संध्याकाळी रस्त्यावर वोम्बॅट नावाचे बुटके, दणकट प्राणी असतात, गाडीचं तळ फोडतील इतके जड. तीन-चारलाच मुक्कामाला पोचा.

मार्लोला स्नोई नदी समुद्राला मिळते ते बघा. आणि लेक्स एंट्रन्सनंतर पेन्सव्हिलला गाडी इकडेच ठेवून फेरीने रेमंड बेटावर जा. चालत गेलं तर तिकीट नाही आणि झाडाझाडावर कोआला. मान दुखेपर्यंत वर बघा. येताना घरी जेवायला या, कॅरव्हॅन आमच्या दारात मावते.

अनघा

---

प्रेषक: माधवी

सगळ्यांचे मनापासून आभार.

आज सामान भरून काट्यावर जाऊन आलो. प्लेटवरच्या कमाल वजनाच्या आत ३५ किलो शिल्लक आहेत, तेही यांची क्रिकेटची बॅग उतरवल्यावर. एक्सेल आता किलोमीटरचं नाही, किलोचं आहे. नरूमाला पाच रात्री बुक केल्या. काकू, कुकर येतोय, दोन शिट्ट्यांच्या वर जाणार नाही. अनघा, साधारण १७ तारखेला तुझ्या दारात.

खजिनदार, दिवाळी अंकांचा एक खोका नेते, दुसरा नाही. तोही चाकांच्या वर ठेवावा लागेल, म्हणजे आमच्या पलंगाखाली. पाच रात्री एका जागी बसून दोघं काय करणार, तेव्हा मेलबर्नला पोचतील ते अंक उघडलेले असतील, चालेल ना?

माधवी