मदत हवी आहे : बुरशी लागलेल्या व्हीएचएस कॅसेट्स नाशिकमध्ये कोण डिजिटल करून देतं?

नमस्कार मंडळी. अ‍ॅडम गोल्डबर्गने स्वतःच्या लहानपणावर बेतलेली ‘द गोल्डबर्ग्स’ (२०१३ ते २०२३) ही मालिका पाहिलेल्यांना आठवत असेल, बऱ्याच भागांच्या शेवटी त्याने लहानपणी शूट केलेले खरे घरगुती व्हिडिओ येतात. मला तेच सगळ्यात जास्त भिडतं. पंचवटीतल्या आमच्या वाड्यावर, नव्वदच्या दशकातल्या, मी तसेच छोटे विनोदी भाग लिहितोय. शेवटी खरं चित्रण हवं.

ते काकांच्या व्हीएचएस कॅसेट्समध्ये आहे. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) धप्पकन उडी घेणारे बाबा फक्त तिथेच आहेत, दुसरी प्रत नाही. पण त्याच कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते. व्हीसीआर घरात आहे, तरी लावलेली नाही. बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागली की पुढची कॅसेटही खराब होते.

बुरशी नसलेली एक कॅसेट एका स्टुडिओतून डिजिटल करून घेतली. माणसं आडवी ताणलेली, वर भलतंच संगीत चढवलेलं! मला मूळ ४:३ चौकट, सेकंदाला २५ फ्रेम आणि मूळ आवाज हवाय, पेनड्राइव्हवर. बजेट कॅसेटमागे हजार रुपयांपर्यंत. कुरिअर नको, मुंबई-पुण्याला गरज पडली तर स्वतः घेऊन जाईन.

टेप आधी साफ करून मगच कॅप्चर करणारं, तुम्ही स्वतः काम करून घेतलेलं कोणी आहे का?