मदत हवी आहे: कर्नलचा कोड केवळ-वाचनीय ठेवून चालू यंत्रणेत पॅच कसा करावा?

नमस्कार. एक्स८६-६४ प्रोसेसरसाठीच्या माझ्या लहानशा कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) कोड असलेली मेमरीची सर्व पाने केवळ-वाचनीय आहेत. मात्र ट्रेसिंगसाठी (कोणते फंक्शन कधी चालले हे टिपण्यासाठी) फंक्शनच्या आरंभी ठेवलेल्या ५ बाइटच्या नॉपच्या (काहीच न करणाऱ्या सूचनेच्या) जागी, यंत्रणा चालू असतानाच, कॉल ही सूचना लिहावी लागते.

प्रोसेसरच्या सीआर० या नियंत्रण रजिस्टरमधील राइट-प्रोटेक्ट (लेखनबंदीचा) बिट क्षणभर उतरवणे मला पटत नाही, कारण तेवढ्या वेळात त्या कोअरवर कर्नलची सगळीच केवळ-वाचनीय पाने लेखनास खुली होतात (शिवाय सीईटी, म्हणजे प्रोसेसरमधील नियंत्रण-प्रवाहाचे संरक्षण, चालू असेल तर तो बिट उतरवताच येत नाही). म्हणून लिनक्सप्रमाणे त्याच भौतिक पानाचे लेखनक्षम मॅपिंग तात्पुरत्या अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये करून, इंटरप्ट बंद ठेवून, ते एकाच कोअरवर वापरतो. आधी पहिल्या बाइटवर इंट३ (ब्रेकपॉइंटची एक बाइटची सूचना), मग उरलेले ४ बाइट आणि शेवटी खरा पहिला बाइट लिहितो. प्रत्येक टप्प्यानंतर आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) पाठवून इतर कोअरवर सीपीयूआयडी ही सूचना चालवतो, म्हणजे त्यांना बदललेला कोड दिसतो.

इथवर ठीक आहे. परंतु इंटरप्ट बंद असले तरी एनएमआय (रोखता न येणारा इंटरप्ट) येतोच. त्याच्या हँडलरने तेवढ्यात स्टॅक ट्रेससाठी युजर मेमरी वाचायला घेतली, तर भलतीच अ‍ॅड्रेस स्पेस लोड असल्याचे त्याने कसे ओळखावे? दुसरे असे की, इंट३ च्या हँडलरने बोलावलेल्या एखाद्या फंक्शनमध्येच पॅचची जागा असेल, तर ब्रेकपॉइंट स्वतःतच अडकत जाईल. लिनक्समध्ये यासाठी नोइन्स्ट्र विभाग (ट्रेसिंगला मनाई असलेल्या कोडचा) आणि तो बिल्डच्या वेळी तपासणारे ऑब्जटूल आहे. तसे साधन हाताशी नसताना ही तपासणी बिल्डच्या वेळीच कशी करावी?