नौदलाचा अधिकारी खंदकात कसा?

ए-२०४ : काल सोसायटीच्या बाकावरच्या गप्पांत फ्रेडरिक सेप्टिमस केली यांचा विषय अर्धवट राहिला, म्हणून येथे लिहितो. (आडनाव आहे, क्रियापद समजू नये!) १८८१ मध्ये सिडनीत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये ईटन व ऑक्सफर्ड येथे शिकलेल्या या गृहस्थांनी तेथील हेन्ली गावची एकेरी नौकेची मानाची शर्यत, डायमंड स्कल्स, १९०२, १९०३ आणि १९०५ अशी तीनदा जिंकली. १९०५ मधला त्यांचा ८ मिनिटे १० सेकंदांचा विक्रम १९३८ पर्यंत अबाधित राहिला. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या नौकेतून सुवर्णपदकही मिळाले. मूळचे मात्र ते पियानोवादक आणि संगीतकार.

सी-१०१ : काका, ते नौदलात होते आणि पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत मारले गेले, असे आपण काल म्हणालात. सोम तर फ्रान्समध्ये, जमिनीवर. तेथे नौदलाच्या अधिकाऱ्याचे काय काम?

ए-२०४ : शंका रास्त आहे, ताई. १९१४ मध्ये ब्रिटिश नौदलाकडे राखीव दलातील माणसे इतकी जमली की जहाजांवर त्यांना जागा पुरेना. तेव्हा नौदलाचे मंत्री असलेल्या चर्चिल यांनी त्यांची रॉयल नेव्हल डिव्हिजन उभी करून त्यांना जमिनीवर लढण्यास पाठवले. हुद्दे तेवढे नौदलाचेच राहिले. केली तिच्या हूड बटालियनमध्ये होते.

बी-४०३ : कवी रूपर्ट ब्रूकही त्याच बटालियनमध्ये होते ना?

ए-२०४ : होय. तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या मोहिमेच्या वाटेवर असताना २३ एप्रिल १९१५ रोजी ब्रूक जंतुसंसर्गाने वारले आणि त्याच रात्री ग्रीसच्या स्कायरॉस बेटावर, ऑलिव्हच्या राईत, त्यांचे दफन झाले. सकाळी जहाज सुटायचे होते. तरीही बाकीचे परतल्यावर केली आणि काही मित्र मागे थांबून थडग्यावर दगड रचत राहिले. पुढे ब्रूक यांच्या स्मरणार्थ केलींनी तंतुवाद्यांसाठी एक शोकरचना लिहिली आणि राईतील पानांची सळसळ तिच्यात आणली. गॅलिपोलीतील शौर्याबद्दल त्यांना डीएससी (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस) हे नौदलाचे पदक मिळाले, परंतु मला विचाराल तर ही रचना त्याहून मोठी. १३ नोव्हेंबर १९१६ रोजी, सोमच्या अखेरच्या टप्प्यात, बोकूर गावाजवळ चाल करताना ते धारातीर्थी पडले, तेव्हा वय अवघे ३५ होते. त्यांच्यासोबत दगड रचणारे फ्रायबर्ग त्याच लढाईत हूड बटालियनचे नेतृत्व करत होते. ते जबर जखमी झाले, वाचले, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी ठरले आणि पुढे न्यूझीलंडचे गव्हर्नर-जनरल झाले.

सी-१०१ : ती शोकरचना येथे पाठवाल का?

ए-२०४ : रात्री पाठवतो. हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर ती सळसळ हरवते.